अंथरूण, पाय आणि वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. ते आम्हाला भूगोल शिकवीत. त्यांचा स्वतःचा प्रवास प्रयागच्या पलीकडे झाला नव्हता. पण वर्गात नकाशा टांगला, की तो माणूस धारमध्ये राहत नसे. वर्षातून एकदा ते एक ठरलेला गृहपाठ देत. 'तुमच्याजवळ शंभर रुपये आहेत. कोठवर जाल?' एवढाच प्रश्न. उत्तर लिहिताना आणखी तीन पोटप्रश्न सोडवावे लागत : खाल काय, झोपाल कोठे, आणि परत कसे याल?

कोणी उज्जैनला जाई, कोणी काशीला. एका मुलाने रंगूनपर्यंत मजल मारली होती, तीही बव्हंशी पायी. मी मांडूला गेलो, दशम्या बरोबर नेल्या, रात्र होण्यापूर्वी घरी परतलो आणि अठ्ठ्याण्णव रुपये शिल्लक दाखविले. मला पूर्ण गुण मिळतील अशी माझी खात्री होती. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला : 'पैसे वाचले. प्रवास वाया गेला.' तो शेरा तेव्हा मला अन्यायाचा वाटला. आज, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या शेऱ्यावरच मला बोलायचे आहे. थोडक्या पैशांत परदेशी जाणे, हा आजचा विषय आहे. तो मी का निवडला, हे शेवटी सांगेन. त्यात माझ्या एका चुकीचा हिशेब आहे आणि तो चारचौघांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

परदेश म्हणजे काय, हे प्रथम ठरवू. आपण माळव्यातले लोक ह्या बाबतीत थोडे निराळे आहोत. देवासमध्ये पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. रस्त्याच्या ह्या बाजूला एकाचा अंमल, तर त्या बाजूला दुसऱ्याचा. म्हणजे देवासकर मनुष्य भाजी आणायला निघाला, तरी तो परराज्यात जाऊन येत असे! विनोद सोडून देऊ. पण ह्यातून एक गोष्ट दिसते. परदेश हा केवळ अंतराने ठरत नाही. जेथे आपली ओळख चालत नाही, आपले नाणे चालत नाही, आपल्या घराण्याचे नाव सांगून काही उपयोग होत नाही, तो परदेश. ह्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात कोकणातून माळव्यात येणारा मनुष्य परदेशीच येत होता.

असा एक मनुष्य १८५७ साली धारला आला होता. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होते आणि ते फेडण्याचा मार्ग गावात नव्हता. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली आणि वेदविद्या एवढ्या भांडवलावर हा तिशीतला मनुष्य आपल्या काकांसह निघाला. रेल्वे माळव्यात तेव्हा नव्हती. वाट पायांची. महूच्या आसपास पोहोचेपर्यंत बंडाचा वणवा भोवती पेटू लागला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात धारचे राजे यशवंतराव पवार निवर्तले होते, आणि त्यांच्या निमित्ताने होणाऱ्या दानधर्माच्या आशेने भटजींची पावले धारकडे वळली. पुढे ग्वाल्हेर, झांशी, काशी, अयोध्या. झांशीत त्यांनी राणी लक्ष्मीबाईंचा काळ पाहिला, शहर पडताना पाहिले, आणि जमविलेले द्रव्य लुटीत गमावले.

आता गुरुजींचे तीन प्रश्न त्यांना विचारू. खाल काय? जेथे ब्राह्मणभोजन, तेथे. झोपाल कोठे? धर्मशाळेत, देवळात, ओळखीच्या दक्षिणी मंडळींच्या ओसरीवर. परत कसे याल? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे. ते परत आले, ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडण्यासाठी निघालेला मुलगा पैसा गमावून आला. पण आईवडिलांसाठी गंगोदक मात्र त्याने सांभाळून आणले. आणि त्याच्याजवळ आणखी एक वस्तू होती, जिची त्याला त्या वेळी किंमत ठाऊक नव्हती : त्याच्या आठवणी. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्या लिहिल्या गेल्या आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला. जो प्रवास व्यवहाराच्या वहीत संपूर्ण तोट्याचा होता, त्याने मराठी गद्याला एक अक्षय ठेव दिली.

ह्यावरून माझे पहिले म्हणणे असे, की अल्प पैशांतला प्रवास म्हणजे फुकटचा प्रवास नव्हे. प्रवासाची किंमत द्यावीच लागते; पैशाने दिली नाही, तर अन्य कशाने तरी द्यावी लागते. माझ्या वाचनात अशी चार नाणी आढळली. पहिले वेळ, दुसरे श्रम, तिसरे विद्या आणि चौथे मान. श्रीमंत प्रवासी पैसा देऊन ही चारही वाचवितो. गरीब प्रवासी ही चार खर्चून पैसा वाचवितो. कोणते नाणे किती खर्चावे, हे ज्याला कळले, त्याचा प्रवास साधला.

धारच्या श्रोत्यांना विद्येच्या नाण्याविषयी मी काय सांगावे? सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त दारिद्र्याने गांजलेले कवी देशोदेशींहून धारानगरीची वाट धरतात आणि एका श्लोकावर त्यांचे भाग्य पालटते. त्यातील कथा इतिहास म्हणून खऱ्या नाहीत. कालिदास आणि भोज त्यात एकाच दरबारात बसतात. परंतु लोकांच्या मनात धार हे कसले गाव होते, हे त्या कथा खरेच सांगतात. रिकाम्या खिशाने यावे आणि जवळ काही विद्या असेल तर रिकाम्या हाताने परत जाऊ नये, अशी ह्या गावाची कीर्ती होती.

मानाचे नाणे खर्च करणे सर्वांत कठीण. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने घेतले, की बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा. घरी बायको, लहान मुलगी, नारळाची बागायत, आणि शिकविणारा कोणी जवळ नाही. १८९९ च्या अखेरीस ते निघाले. पुण्यात डॉ. भांडारकरांची गाठ घेतली, संस्कृताचा आरंभ केला, मग आपल्या ह्या माळव्याच्या वाटेने, उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत काशीला पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण शिकावे, असा क्रम. तेथून १९०२ मध्ये नेपाळ. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात बुद्ध सापडेल ही आशा तेथे फोल ठरली. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि महाबोधी सभेच्या साहाय्याने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात गेले.

नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे तीन परदेश ह्या माणसाने पाहिले, आणि ते बहुतांशी मागून खाऊन पाहिले. मागणे ह्या शब्दाने आपण दचकतो. परंतु कोसंबींच्या 'निवेदन' ह्या आत्मकथनात, जे १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले, ह्या मागण्याचा कोठे गौरव नाही आणि कोठे लाजही नाही. मदत कोणी केली ते सरळ लिहिले आहे, कोणी नाही म्हटले तेही सरळ लिहिले आहे. जो मनुष्य आपले प्रयोजन स्पष्टपणे जाणतो, त्याला मागताना आपला मान गेला असे वाटत नाही. प्रयोजनच नसेल, तर सर्व पैसे स्वतःचे असूनही प्रवास ओशाळवाणा होतो.

आणि ह्या काटकसरीच्या सवयीतून पुढे काय निष्पन्न झाले पाहा. कलकत्ता विद्यापीठातील अडीचशे रुपयांची नोकरी समोर असताना कोसंबींनी ती सोडून सयाजीराव गायकवाडांचे दरमहा पन्नास रुपये पत्करले. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहायचे होते. ज्याला थोडक्यात राहता येते, त्याला नाही म्हणता येते. पुढे १९१० पासून ह्याच माणसाला हार्वर्ड विद्यापीठाने वारंवार बोलावले. 'विसुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला जाणाऱ्या पंडिताची पायाभरणी काशीच्या अन्नछत्रातील पंगतीत झाली होती.

श्रमाच्या नाण्याचे उदाहरण वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकार्याच्या ध्यासाने ते विशीत जपानमार्गे अमेरिकेला गेले. घरून पैसा येण्याचा प्रश्नच नव्हता. हाताला मिळेल ते काम करून त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत पडले, आणि अनेक देशांतून भटकून अखेरीस १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले. तेथील चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या संशोधनात त्यांनी नाव मिळविले. हात चालत असतील तर परक्या देशात मनुष्य उपाशी मरत नाही, हा त्यांच्या चरित्राचा धडा.

श्रोतेहो, येथवर मी जे सांगितले त्याने मन प्रसन्न होते. परंतु एवढ्यावर थांबलो, तर ते अर्धसत्य होईल. गोडसे भटजींना धर्मशाळेचे दार उघडले आणि कोसंबींना अन्नछत्रात पान मिळाले, ते कोणत्या अधिकाराने? जातीच्या. ते दार सर्वांना उघडे नव्हते. आपल्यापासून थोड्याच अंतरावर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी एक मूल जन्माला आले. त्या मुलाला काशीच्या पंगतीत कोणी बसू दिले असते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा परदेशप्रवास हाही तुटपुंज्या पैशांतला प्रवास आहे. पण त्याच्या वाटेवर एकही अन्नछत्र नाही.

१९१३ मध्ये बडोदे सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, ती परत येऊन दहा वर्षे चाकरी करण्याच्या करारावर. म्हणजे त्यांनी पाचवेच नाणे खर्च केले : स्वतःचा भविष्यकाळ. त्या पैशांत न्यूयॉर्कमध्ये स्वतः राहायचे, घरी पाठवायचे आणि पुस्तकेही घ्यायची. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जे ग्रंथ जमविले, त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगतात. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले, आणि ज्या आगबोटीने सामान निघाले ती महायुद्धात बुडविली गेली. परत कसे याल, ह्या गुरुजींच्या प्रश्नाचे हे किती कठोर उत्तर! तरी १९२० मध्ये स्वतःची शिल्लक, नवल भथेना ह्या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. सकाळपासून ग्रंथालय मिटेपर्यंत तेथे बसावे, रात्री अपुरे जेवण, आणि भूक अनावर झाली की पापड भाजून खावेत, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. १९२३ मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली.

ह्यावरून माझे दुसरे म्हणणे असे, की गरीब प्रवाशाची कसोटी आपण नेहमी घेतो. पण खरी कसोटी यजमानाची असते. वाट कोणासाठी उघडी आहे आणि कोणासाठी बंद, हे प्रवाशाच्या जिद्दीवर ठरत नाही. अन्नछत्राने जे केले नाही, ते एका संस्थानिकाच्या शिष्यवृत्तीने आणि एका पारशी मित्राच्या कर्जाने केले.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. दोघांच्या भाड्याची तजवीज नव्हती, म्हणून गोपाळराव मागे राहिले आणि त्या एकट्या गेल्या. अंगावरचे दागिने मोडून प्रवासाचा खर्च उभा केला. न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंचे घर त्यांना मिळाले. एका परक्या बाईने केवळ पत्रव्यवहाराच्या ओळखीवर त्यांना मुलीसारखे वागविले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परंतु थंड हवा, अपुरा आहार आणि क्षय ह्यांनी प्रकृती खचली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ही कथा सांगताना आपण त्यागाचा गौरव करतो. मला त्यात एक इशाराही दिसतो. वेळ खर्चा, श्रम खर्चा, मानही खर्चा. पण शरीर हे नाणे नव्हे. ते एकदाच खर्च होते.

यजमान आणि पाहुणा ह्यांच्या नात्याची दुसरी बाजूही आपल्या माळव्याने पाहिली आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या प्रवासात देवासला आले होते आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने तेथे काढले. त्या दिवसांची पत्रे १९५३ मध्ये त्यांनी पुस्तकरूपाने छापली, आणि त्या पुस्तकाच्या नावात देवासची टेकडी आहे. पुस्तकात दरबारच्या गोंधळाची थट्टा आहे, परंतु महाराजांविषयी गाढ माया आहे. परक्याला घरात घेणे म्हणजे त्याच्या थट्टेलाही घरात घेणे होय. देवासने ते घेतले. जो गाव परक्याला सामावून घेतो, त्या गावाची मुले परगावी गेली तर त्यांनी संकोच का करावा?

आता अगदी रिकाम्या खिशाचे उदाहरण. १९६२ च्या जून महिन्यात सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीतील राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांच्या विरोधात मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन ह्या चार राजधान्यांपर्यंत जायचे. निघण्यापूर्वी ते विनोबांच्या आशीर्वादासाठी गेले. विनोबांनी सांगितले : जवळ पैसा ठेवू नका. मौज अशी, की विनोबांचे गागोदे आणि गोडसे भटजींचे वरसई ही दोन्ही गावे एकाच पेण तालुक्यातली. पैसा नसेल तर प्रत्येक संध्याकाळी कोणाच्या तरी दारी जावे लागेल, आणि ज्याच्या दारी गेलो त्याच्याशी बोलावे लागेल, हे त्या सल्ल्यामागचे मर्म. पैसा असता, तर ते खानावळीत उतरले असते आणि शांतीचा संदेश खानावळीच्या मालकापुरता राहिला असता. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडून ते सोव्हिएत संघात शिरले. तेथे जॉर्जियातील चहाच्या कारखान्यात एका बाईने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चारही राजधान्यांतील सत्ताधीशांना एकेक द्या, आणि बाँब टाकण्याचा विचार मनात आला तर आधी हा चहा प्यायला सांगा, असा तिचा निरोप होता. समुद्र मात्र पायी ओलांडता येत नाही. तेथे स्नेह्यांनी सोय केली. असा प्रवास सर्वांनी करावा असे मी म्हणणार नाही. पण ज्या देशाशी आपले वैर आहे, त्या देशातील माणसाने आपल्याला जेवू घातले, हा अनुभव विमानाच्या तिकिटाबरोबर मिळत नाही.

आमच्या पिढीची अडचण आणखी निराळी होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी खासगी कामासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला परकीय चलन मिळे ते आठ डॉलर. घरी पैसा असला, तरी तो नेता येत नसे. म्हणजे त्या काळी सरकारने सर्वच प्रवाशांना गरीब करून टाकले होते! २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला पंचवीस हजार डॉलर पाठविण्याची मोकळीक दिली आणि आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. नियमाची अडचण संपली, खिशाची राहिली. तरीही नेपाळला जाण्यासाठी आपल्याला आजही पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. परदेशाचा एक दरवाजा रेल्वेच्या आणि बसच्या भाड्यात उघडतो, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. १९९२ साली माझा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. भाषाशास्त्राची त्याला विलक्षण जाण होती. माळवी आणि मराठी ह्यांच्या सीमेवरचे शब्द तो वेचून वेचून आणीत असे. परदेशातील एका विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला होता, फी माफ होती आणि अध्यापनाचे थोडे काम मिळायचे होते. अडचण होती ती विमानाच्या भाड्याची आणि पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाची. सर्व मिळून साठ हजारांच्या घरात. वडील कारकून. त्याने विचारले, "सर, कर्ज काढून जाऊ का?"

मी त्याला म्हटले, "अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आधी नोकरी धर, पैसा साठव, मग जा."

त्याने माझे ऐकले. नोकरी धरली. पैसा साठेपर्यंत बहिणीचे लग्न आले, वडिलांचे आजारपण आले, आणि ती जागा अर्थातच त्याच्यासाठी थांबली नाही. तो एका लहान गावात उत्तम शिक्षक झाला. त्याने मला कधी दोष दिला नाही. दर दिवाळीला त्याचे पत्र येते. गेल्या वर्षी त्याची मुलगी माझ्या घरी आली. तिलाही बाहेरच्या देशात प्रवेश मिळाला होता, आणि तिचीही अडचण तीच. तिने वडिलांची चिठ्ठी माझ्या हाती दिली. चिठ्ठीत एकच वाक्य होते : 'सर, तेव्हा आपण मला जे सांगितले ते बरोबर होते की नाही, ते हिला सांगावे.'

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी आयुष्यभर गोडसे भटजी शिकविले, 'निवेदन' शिकविले. वर्गात मी ज्या प्रवाशांची थोरवी गायिली, त्यांपैकी एकही अंथरूण पाहून निघाला नव्हता. आणि एक खराखुरा प्रवासी माझ्या दारी आला, तेव्हा मी त्याला मांडूपर्यंत जाऊन अठ्ठ्याण्णव रुपये वाचवायला सांगितले. ती म्हण खोटी नाही. पण ती निजणाऱ्यासाठी आहे, चालणाऱ्यासाठी नव्हे. वाट चालताना अंथरूण गुंडाळून खांद्यावर घ्यावे लागते. ते पाहून पावलाची लांबी ठरत नाही. आणखी एक गोष्ट मला अधिक बोचली. मी त्याला उपदेश केला. पण 'माझ्याकडून दहा हजार घे' असे म्हटले नाही. तेव्हा ते मला शक्य होते. यजमानाची कसोटी म्हणून मी मघाशी जे बोललो, तिच्यात मी स्वतः नापास झालो होतो.

मी त्या मुलीला म्हणालो, "बाळ, तुझ्या वडिलांना मी चुकीचे सांगितले. तू जा." आणि त्याबरोबर तीन गोष्टी सांगितल्या. त्या आज येथे बसलेल्या मुलांसाठीही आहेत. पहिली, परतीचे भाडे वेगळे बांधून ठेव आणि काही झाले तरी ते मोडू नकोस. परतता येईल हा विश्वास असला, की मनुष्य लाचार होत नाही. दुसरी, पुस्तकात, कपड्यात, करमणुकीत हवी तेवढी काटकसर कर. पण जेवण, गरम कपडे आणि औषधपाण्याचा विमा ह्यांत करू नकोस. आनंदीबाईंना विसरू नकोस. तिसरी, ज्याने ज्याने मदत केली त्याची नोंद ठेव, मग ती रुपयांची असो की एका रात्रीच्या आसऱ्याची. रुपये ज्याचे त्याला परत कर. आसरा मात्र ज्याने दिला त्याला परत करता येत नाही. तो पुढच्या वाटसरूला द्यायचा असतो.

ती गेली आहे. पहिल्या महिन्यात एका मराठी कुटुंबाच्या घरी तिची सोय झाली, आता ती स्वतःच्या खोलीत राहते. पुढे काय होईल हे मला ठाऊक नाही, आणि यशाची हमी म्हणून मी हे सांगत नाही. गोडसे भटजींनाही यश मिळाले नव्हते.

शेवटी शाळेच्या कार्यकारी मंडळाला आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. बक्षिसे आपण पुष्कळ देतो. हुशार मुलाला शिष्यवृत्तीही कोठून तरी मिळते. अडते ते पहिल्या भाड्यापाशी, पासपोर्टच्या शुल्कापाशी, पहिल्या महिन्यापाशी. त्यासाठी गुरुजींच्या नावाने एक निधी असावा. बिनव्याजी, फेडीची घाई नसलेला, आणि जात, लिंग, घराणे न पाहणारा. निवडीसाठी परीक्षा नको. गुरुजींचे तीन प्रश्नच विचारावेत : खाल काय, झोपाल कोठे, परत कसे याल? ज्याने विचार करून उत्तरे लिहिली, त्याला भाडे द्यावे. १९९२ मध्ये जे दहा हजार मी दिले नाहीत, ते तीस-बत्तीस वर्षांच्या व्याजासह मी आज अध्यक्षांच्या हाती ठेवीत आहे. ही देणगी नव्हे. हे थकलेले देणे आहे.